डाळ लवकर शिजवणारे पाणी आणि आपली काळी जमीन

खान्देशात कोणाच्या शेतात बोअर झाला की गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो "किती इंच पाणी लागले?" हा. दुसरा प्रश्न विचारला गेलाच, तर ओंजळभर पाणी तोंडात घेऊन कोणीतरी "पानी गोड शे" असे सांगतो आणि तिथे विषय संपतो. हे पाणी आपल्या जमिनीला आणि त्यात घ्यायच्या पिकाला मानवेल का, हा तिसरा प्रश्न सहसा जमीन बिघडल्यावरच विचारला जातो. माझे गाव अमळनेर तालुक्यात आहे. मातीपरीक्षणाचे शिक्षण घेतल्यामुळे नातलग आणि शेजारी आपापल्या विहिरींचे पाणी-तपासणी अहवाल मला दाखवायला आणतात. ते वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते, आणि तीच येथे सविस्तर मांडायची आहे: आपल्या भारी काळ्या जमिनीचे नुकसान जिभेला कळणाऱ्या खारटपणापेक्षा जिभेला न कळणाऱ्या सोडियम आणि बायकार्बोनेटमुळे अधिक होते, आणि अहवालातला नेमका तोच भाग वाचायचा राहून जातो.

घरातल्या बायकांकडे पाणी ओळखण्याच्या दोन खुणा पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी जड. ज्यात कपडे स्वच्छ निघतात आणि डाळ पटकन शिजते, ते हलके आणि चांगले. स्वयंपाकघरापुरती ही पारख अगदी अचूक आहे. साबणाचा फेस मारतात आणि डाळ टणक ठेवतात ते पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. उलट ज्या पाण्यात ही दोन्ही थोडी असून सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर असते, ते पाणी डाळीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यासारखेच काम करते. परंतु शेतात हा हिशेब उलटा होतो. डाळ न शिजवणारे कॅल्शियमयुक्त पाणी काळ्या मातीची घडण टिकवून धरते, आणि डाळ चटकन शिजवणारे मऊ पाणी काही हंगामांत तीच माती चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी आणि घट्ट, करून ठेवू शकते. म्हणून "आमच्या बोअरचे पाणी इतके मऊ आहे की घरातही तेच वापरतो" असे कोणी समाधानाने सांगितले, की मी त्यांना आधी बायकार्बोनेट तपासून घ्यायला सांगतो.

याचे कारण मातीच्या कणांमध्ये आहे. काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते, आणि ही चिकणमाती पाणी शोषून फुगणारी व वाळल्यावर भेगाळणारी असते. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम हे धनभारित घटक त्यांना चिकटून राहतात. कॅल्शियम चिकटलेले असेल तर कण एकमेकांना धरून राहतात, ढेकळे भुसभुशीत होतात आणि पाणी खाली मुरते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की ओल्या अवस्थेत कण सुटे होतात, बारीक छिद्रे बुजतात, वरचा थर आधी चिखल आणि मग कडक पापुद्रा होतो. अशा शेतात पाणी दिले की ते दिवसेंदिवस उभे राहते, वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, वेळेवर येत नाही, आणि आला तरी एखाद-दुसऱ्या दिवसात निघून जातो. नांगराला मोठमोठी ढेकळे निघतात. पाठ्यपुस्तकांत चोपण जमिनीसाठी विनिमययोग्य सोडियम (कणांना चिकटलेल्या धनभारित घटकांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांपेक्षा जास्त अशी मर्यादा दिलेली असते. आपल्यासारख्या फुगणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र निचरा त्याच्या कितीतरी आधी बिघडू लागतो, हे पूर्णेच्या खोऱ्यातील जमिनींच्या अभ्यासातून पुढे आलेले आहे.

पूर्णेचा उल्लेख आला म्हणून आपल्या भागाच्या भूगर्भाविषयी थोडे सांगतो. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. तीच पूर्णा मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे तापीला मिळते. म्हणून आपले सगळे भूजल तसेच आहे असा अर्थ नाही, पण ते सगळीकडे सारखेही नाही. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात नदीने आणलेला जाड गाळ आहे, आणि काही ठिकाणी तो शंभर मीटरहून अधिक खोल आहे. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो भरड थर आहे त्यातून पावसाचे पाणी झपाट्याने खाली उतरते, त्यामुळे तेथील पाणी बहुधा ताजे असते. तापीच्या दक्षिणेला अमळनेर, पारोळा, धुळे, साक्री या बाजूला काळ्या कातळाचे थर आहेत. तेथे उथळ विहिरीला मुरुमातले आणि मांजऱ्या (सच्छिद्र) खडकातले पाणी मिळते, तर खोल बोअरला कातळाच्या फटींत दीर्घकाळ साठलेले. धुळे-नंदुरबार भागात तर कातळातून उभ्या गेलेल्या दगडी भिंती, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात, मोठ्या संख्येने आहेत. अशा भिंतीच्या एका अंगाला असलेल्या विहिरीचे पाणी आणि दुसऱ्या अंगाच्या विहिरीचे पाणी पातळीने वेगळे असू शकते आणि गुणानेही. शेजाऱ्याचा अहवाल आपल्या विहिरीला लागू होईल असे धरून चालता येत नाही ते यामुळे. जमिनीखाली जास्त काळ राहिलेल्या पाण्यातले कॅल्शियम खडकातल्या आणि मातीतल्या सोडियमशी अदलाबदल होऊन कमी होत जाते, म्हणून विहीर आटल्यावर त्याच शेतात घेतलेल्या खोल बोअरचे पाणी पुन्हा स्वतंत्रपणे तपासावे लागते.

नमुना घेण्यात हयगय झाली तर पुढचा सगळा खटाटोप वाया जातो. पंप सुरू करून पंधरा-वीस मिनिटे पाणी वाहू द्यावे, म्हणजे पाइपमधले शिळे पाणी निघून जाते. स्वच्छ प्लॅस्टिकची लिटरभराची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी आणि आत हवा न ठेवता झाकण घट्ट लावावे. हवेशी संपर्क आला की बायकार्बोनेट आणि सामू, म्हणजे पीएच, दोन्ही बदलू लागतात. औषधाची किंवा शीतपेयाची रिकामी बाटली वापरू नये. बाटलीवर गट क्रमांक, विहीर की बोअर, खोली, तारीख आणि घ्यायचे पीक लिहून ती शक्य तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी. जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा, धुळ्याचे कृषी महाविद्यालय, पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबार येथील कृषी विज्ञान केंद्रे यांपैकी जे जवळ असेल तेथे आधी चौकशी करावी आणि "ओलितासाठीची पूर्ण तपासणी" हवी असे स्पष्ट सांगावे. केवळ सामू आणि विद्युत वाहकता एवढ्यावर समाधान मानू नये. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड हे सहा आकडे हाती असल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही. एकदा मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना, आणि एकदा पावसाळ्यानंतर, अशी दोन वेळा तपासणी झाली तर विहिरीचा स्वभाव कळतो.

अहवालातला पहिला आकडा विद्युत वाहकतेचा असतो. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज त्यातून सहज जाते. काही अहवालांत हा आकडा डेसीसायमन प्रति मीटरमध्ये असतो, काहींत मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटरमध्ये; पहिल्याला हजाराने गुणले की दुसरा मिळतो. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली मांडलेले वर्गीकरण आजही आपल्याकडे वापरले जाते. त्यानुसार २५० मायक्रोसायमनपर्यंतचे पाणी कमी क्षारांचे, २५० ते ७५० मध्यम, ७५० ते २२५० जास्त आणि त्यापुढचे अतिशय जास्त क्षारांचे. जास्त क्षारांच्या वर्गातले पाणी निचरा कमी असलेल्या जमिनीला देऊ नये, असे त्याच वर्गीकरणात म्हटलेले आहे. भारी काळ्या जमिनीचा निचरा मुळातच मंद असतो, त्यामुळे ही सूचना जणू आपल्यासाठीच लिहिली आहे.

या आकड्याचे वजन मनात ठसावे म्हणून मी नेहमी एक हिशेब करून दाखवतो. वाहकता १.५ डेसीसायमन असेल तर लिटरमागे साधारण ९६० मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटरमागे जवळपास एक किलो क्षार असतात. गव्हाला हंगामभरात एकूण ५० सेंटिमीटर पाणी दिले तर एकरी सुमारे २० लाख लिटर पाणी होते. याचा अर्थ त्या एका हंगामात एका एकरात सुमारे दोन टन क्षार आपण स्वतःच्या हाताने टाकले. पाणी पिकाने घेतले आणि उन्हाने उडाले. क्षार मागे राहिले. ते खाली ढकलण्याचे काम पावसाने करायचे असते, आणि जळगाव-धुळ्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरातला, तोही लहरी. पाऊस कमी झालेल्या वर्षी दुहेरी फटका बसतो: विहिरीतले पाणी आटून क्षार दाट होतात आणि आदल्या वर्षीचे धुऊनही जात नाहीत.

तरीही वाहकतेपेक्षा माझी नजर आधी बायकार्बोनेटकडे जाते. १९५० मध्ये ईटन यांनी सुचवलेला अवशिष्ट सोडियम कार्बोनेट हा निर्देशांक अतिशय सोपा आहे: कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची. मात्र सर्व आकडे आधी मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे घटकांची विद्युतभारानुसार तुलना करता येईल अशा एककात, आणावे लागतात. मिलिग्रॅममधल्या सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २० ने, मॅग्नेशियमला १२.२ ने आणि बायकार्बोनेटला ६१ ने भागले की ते मिळतात. उत्तर १.२५ पेक्षा कमी आले तर पाणी सुरक्षित, १.२५ ते २.५ मध्ये आले तर सांभाळून वापरण्याजोगे, आणि २.५ च्या वर गेले तर अयोग्य मानले जाते.

समजण्यासाठी एक कल्पित अहवाल घेऊ. सोडियम १६१ मिलिग्रॅम, कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम २४.३ आणि बायकार्बोनेट ४२७, कार्बोनेट नाही. भागाकार केल्यावर सोडियम ७, कॅल्शियम २, मॅग्नेशियम २ आणि बायकार्बोनेट ७ मिलिइक्विव्हॅलंट होतात. अशा पाण्याची वाहकता १.१ डेसीसायमनच्या आसपास येईल, म्हणजे घाबरण्यासारखी नाही. सोडियमचे अधिशोषण गुणोत्तर काढण्यासाठी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याचे वर्गमूळ काढून त्याने सोडियमला भागतात. येथे ते जवळपास ५ येते, आणि १९५४ च्या वर्गीकरणात १० पर्यंतचे गुणोत्तर "कमी धोक्याचे" आहे. इथवर वाचणारा अहवाल घडी घालून खिशात ठेवील. पण ७ मधून ४ वजा केले की अवशिष्ट सोडियम कार्बोनेट ३ येते, आणि हे पाणी थेट अयोग्य वर्गात जाते. पाणी जमिनीत आटू लागले की बायकार्बोनेट आपल्याबरोबर कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात खाली बसवते. सगळे कॅल्शियम आणि निम्मे मॅग्नेशियम असे अडकले, तर तेच गुणोत्तर ५ वरून १० च्या जवळ जाते, आणि मातीतले पाणी आटून दाट होत जाईल तसे ते आणखी वाढते. नळीतून येणारे पाणी आणि मुळांशी पोहोचलेले पाणी यांत एवढा फरक पडतो. कातळातल्या पाण्यात पुष्कळदा कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम जास्त असते; मातीची घडण राखण्यात मॅग्नेशियम कॅल्शियमइतके उपयोगी पडत नाही, म्हणून दोघांची नुसती बेरीज न पाहता कॅल्शियम स्वतंत्रपणे किती आहे तेही पाहावे.

या बिघाडाची सर्वांत फसवी बाजू अशी की तो रब्बीत दिसतच नाही. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, आणि क्षारांचे दाट द्रावण सोडियमी मातीलाही काही काळ एकत्र धरून ठेवते. अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या मार्गदर्शक मर्यादांमध्ये सोडियमचे गुणोत्तर नेहमी वाहकतेच्या जोडीने वाचायला सांगितले आहे ते याच कारणासाठी: सोडियम तेवढेच असताना पाण्यातले एकूण क्षार जितके कमी, तितकी माती जास्त विस्कटते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. त्यामुळे रब्बी-उन्हाळ्यात सोडियम मातीत शिरते आणि जून-जुलैच्या सरींनी माती एकदम मिटते. शेतात पाणी तुंबते, कपाशी पिवळी पडते, उडीद-मूग बसून जातात, आणि शेतकरी म्हणतो की यंदा पाऊसच वेडावाकडा पडला. ज्यांच्या शेतात पूर्वी पाणी मुरत असे आणि अलीकडे तेवढ्याच पावसात तुंबते, त्यांनी आपण गेली काही वर्षे उन्हाळ्यात कोणते पाणी दिले हे आवर्जून आठवावे.

आता पिकांकडे वळतो. कपाशी, गहू आणि ज्वारी ही पिके क्षार बऱ्यापैकी सोसतात, मका बेताचा, कांदा आणि हरभरा नाजूक, आणि केळीही नाजूकच. आंतरराष्ट्रीय तक्त्यांनुसार मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वाहकता कपाशीला ७.७ डेसीसायमनपर्यंत आणि गव्हाला ६ पर्यंत उत्पन्न न घटता चालते, मक्याला १.७ पर्यंतच आणि कांद्याला अवघी १.२ पर्यंत. म्हणून ज्याची कपाशी त्या पाण्यावर उत्तम आली त्याने त्याच भरवशावर कांदा लावणे धोक्याचे. त्याहून महत्त्वाचा भाग पाळ्यांच्या संख्येचा आहे. कोरडवाहू शेतकरी दादरीला (रब्बी ज्वारीला) किंवा कपाशीला ताण पडल्यावर एखादे-दुसरे संरक्षित पाणी देतो, तेव्हा मध्यम प्रतीच्या पाण्यातूनही जमिनीत फारसे क्षार साठत नाहीत, आणि बरा पाऊस ते धुऊन नेतो. तेच पाणी बारमाही केळीला दररोज दिले तर हिशेब पूर्ण बदलतो. एकच अहवाल एका शेताला "चालेल" आणि बांधाच्या पलीकडल्या शेताला "चालणार नाही" असे सांगू शकतो, आणि दोन्ही उत्तरे खरी असतात. अहवालाच्या तळाशी मारलेला "योग्य" किंवा "अयोग्य" हा शिक्का मला म्हणूनच अपुरा वाटतो.

नायट्रेटविषयी थोडक्यात सांगतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको, विशेषतः तान्ह्या बाळांसाठी. अशी विहीर घरच्या पिण्यातून बंद करावी. शेतात मात्र तेच नायट्रेट खत आहे. ४५ मिलिग्रॅमच्या २० लाख लिटर पाण्यातून एकरी साधारण २० किलो नत्र जाते, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास एका गोणीइतके. ते न मोजता नेहमीचा डोस दिला तर पैसा जातो आणि उरलेले नत्र पुन्हा विहिरीत उतरते.

पाणी सदोष निघाले म्हणजे विहीर बुजवायची असे नाही. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट जास्त असेल तर मातीला कॅल्शियम पुरवणारे जिप्सम हा सर्वांत सरळ उपाय आहे. त्याचाही हिशेब बांधता येतो: पाच सेंटिमीटरच्या एका पाळीत एकरी सुमारे दोन लाख लिटर पाणी जाते, आणि त्यातले एक मिलिइक्विव्हॅलंट कमी करायला साधारण १७ किलो शुद्ध जिप्सम लागते. वरच्या उदाहरणातले ३ हे मूल्य १.२५ वर आणायचे तर दर पाळीला एकरी ३० किलो. हंगामाचे सगळे जिप्सम पावसाळ्याआधी शेतात पसरून मातीत मिसळले तरी चालते, मात्र ते बारीक दळलेले असावे आणि शेतातून पाणी निघून जायला चर असावा. सुटलेले सोडियम बाहेर जायला वाट नसेल तर जिप्सम टाकून उपयोग होत नाही. शेणखत, ताग किंवा धैंचा गाडणे यांनी मातीची छिद्रे मोकळी राहतात. शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी असेल तर उगवणीच्या आणि रोपाच्या नाजूक काळात ते द्यावे आणि पीक जोमात आल्यावर विहिरीचे पाणी वापरावे. क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यावर तुषार सिंचन दुपारच्या उन्हात चालवू नये, पानांच्या कडा करपतात.

गावपातळीवरही एक काम सहज होण्यासारखे आहे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्याचे जे काम उभे केले त्याची चर्चा राज्यभर झाली, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पुनर्भरणाने पातळी वाढते तशी क्षारांची तीव्रताही कमी व्हायला हवी, आणि ती झाली का हे मोजणे अवघड नाही. वाहकता मोजण्याचे खिशात मावणारे यंत्र आता सहज मिळते. गावातल्या एखाद्या शाळेने किंवा ग्रामपंचायतीने दहा-बारा विहिरींची वाहकता मे आणि नोव्हेंबरमध्ये वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली, तर काही वर्षांत गावाजवळ स्वतःचा नकाशा तयार होईल. ज्या विहिरीचा आकडा वर्षागणिक वाढत असेल, तिचाच नमुना पूर्ण तपासणीसाठी पाठवावा. सगळ्यांचा खर्च करण्याची गरज राहत नाही.

ठिबकवाल्या केळी आणि पपई उत्पादकांसाठी एक सूचना राहिली. ठिबकमध्ये क्षार ओल्या गोलाच्या कडेला ढकलले जाऊन तेथे साठतात. वरून पाहिले तर पांढरी कड दिसते. जूनची पहिली हलकी सर आली की सगळे ठिबक बंद करतात, आणि नेमकी तीच सर कडेचे क्षार विरघळवून मुळांकडे आत ओढते. म्हणून पहिल्या एक-दोन हलक्या सरींच्या वेळी ठिबक चालूच ठेवावे, आणि चांगला ५०-६० मिलिमीटर पाऊस होऊन क्षार मुळांच्या खाली गेले की मगच ते बंद करावे.